बरोबरीच्या मागं

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
८ डिसेंबर १९८६

कृष्णात,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. दीड महिना न सांगता गायब होणाऱ्याला प्रिय म्हणण्याइतकं माझं मन मोठं नाही, हे तुला ठाऊक आहेच.

बुधगावकर सर अजून रोज हजेरीला तुझं नाव घेतात. नाव घेतात, चष्म्यावरून शेवटच्या बाकाकडे बघतात आणि पेन टेकवून थांबतात. मग सगळा वर्ग माझ्याकडे बघतो आणि मी वहीत बघते. शेवटच्या वर्षाला हे असलं परवडत नाही रे. परीक्षेचे फॉर्म पंधरा जानेवारीपर्यंत भरायचे आहेत आणि त्यावर सही तुझीच लागते, नाहीतर मी केव्हाच भरून मोकळी झाले असते.

परवा सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, नक्की झालं काय? मी सांगितलं ते असं. कृष्णातने टर्मवर्कसाठी त्याच्या भागातल्या साखर कारखान्याचं काम घेतलं. कारखान्याने हौसेनं कॉम्प्युटर आणला होता आणि वर्षभर त्यावर चादर घालून ठेवली होती. कृष्णात शेती ऑफिसला म्हणाला, कुणाचा ऊस कधी तोडायचा ती क्रमपाळी मी यंत्रावर काढून देतो. गटातल्या तीन हजार नोंदी. ज्याने ऊस आधी लावला, म्हणजे ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. यादी निघाली, गट ऑफिसच्या फळ्यावर लागली, आणि तिच्यात त्याच्या वडिलांचं, आकाराम आबांचं नाव त्यांच्या लागणीच्या पंधरवड्यात चौथं आलं. हाताच्या यादीत ते दोनशेच्या पुढे असायचं. झालं. गाव म्हणालं, पोरगं कॉम्प्युटर शिकलं ते बापाचा ऊस पुढं काढायला. कारखान्याने यादी फाडून जुनी वही काढली आणि यंत्रावर पुन्हा चादर घातली. कृष्णात त्या आठवड्यापासून कॉलेजला आलेला नाही.

सरांनी विचारलं, "पण प्रोग्रॅममध्ये चूक काय होती?"

मी म्हटलं, काही नव्हती सर. एकही तारीख पुढेमागे नव्हती. आणि खरंच नव्हती.

हॉस्टेलवरचा सयाजी तुमच्या शेजारच्या गावचा. तो म्हणतो, कृष्णातने बिरोबाच्या देवळात सगळ्या गावासमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतली. मी त्याला म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, इंजिनिअरिंगचा मुलगा आहे तो. खरं आहे का रे?

वर्गात सध्या ग्राफ चाललेत. एका गावाहून दुसऱ्या गावाला कमीत कमी अंतराने कसं जायचं, ते. तुझ्यासाठी मी कार्बन घालून नोट्स काढते आहे, अक्षर बरं काढते आहे, म्हणजे माझ्यावर किती वाईट वेळ आली आहे ते समज. माझी व्हायव्हा झाली, चांगली झाली. लोकांची तोंडं चार दिवस चालतात आणि मग दमतात. तू फॉर्म भरायला ये.

नंदिनी


कोल्हापूर
२९ डिसेंबर १९८६

कृष्णात,

एकवीस दिवस झाले. पोस्टात विचारून आले, तुमच्या गावाला पत्र दोन दिवसांत पोचतं. शिरोळ तालुका काही परदेशात नाही. म्हणजे पत्र मिळालं आहे आणि तू उत्तर देत नाहीस. दे, नाहीतर नको देऊस. माझंही काही अडलेलं नाही.

अक्का रोज विचारते, तीन थालीपिठं खाणारा तो मुलगा आजारी आहे का. बाबा शाळेत गेले की विचारते, त्यांच्यासमोर नाही. माझी आत्या आहे ती, तिला न सांगता सगळं समजतं. काल म्हणाली, "भांडलात का?" मी म्हटलं, भांडायला समोर माणूस लागतो.

आपलं काय ठरलं होतं ते तरी तुला आठवतं ना? निकाल लागला की तू आबांना सांगायचं, मी बाबांना सांगायचं, एकाच दिवशी, म्हणजे दोन्हीकडचा आरडाओरडा एकाच दिवसात उरकेल. तूच म्हणाला होतास. मी तेव्हा हसले आणि घरी येऊन रडले, आनंदाने. हे तुला सांगितलं नव्हतं.

कँटीनच्या मागे त्या दिवशी तू मला एक प्रश्न विचारलास. मी उत्तर दिलं. त्या उत्तराबद्दल तुला काही म्हणायचं असेल तर लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण लिही.

फॉर्मला सतरा दिवस राहिले.

नंदिनी


कोल्हापूर
११ जानेवारी १९८७, रविवार

कृष्णात,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी मी गोष्ट लांबून सुरू करायची आणि मुद्द्यापाशी आले की मला चहा प्यायला उठावंसं वाटायचं. म्हणून आज आधी मुद्दा.

प्रोग्रॅम मी बदलला होता. तू कँटीनच्या मागे विचारलंस, "नंदिनी, तू त्याच्यात काय बदललंस काय?" मी ‘नाही’ म्हटलं. खोटं बोलले.

आता कसं ते सांगते. सप्टेंबरात कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून तू मला तुझी पद्धत दाखवत होतास. एस.टी.ची जुनी तिकिटं, प्रत्येकाच्या पाठीवर एका शेतकऱ्याचं नाव आणि लागणीची तारीख. नवीन तिकीट रांगेच्या शेवटी आणायचं, उशिराच्या लागणीवाल्यांना ओलांडत पुढे न्यायचं, आणि बरोबरीचा भेटला की तिथे थांबवायचं. "बरोबरीच्या मागं थांबायचं. म्होरं घुसायचं न्हाय," असं तू दोनदा म्हणालास. मी ऐकतच नव्हते. मी मनात तुलना मोजत होते. तीन हजार नोंदींना ही पद्धत बावीस-तेवीस लाख तुलना मागते, नोंदी दहा हजार झाल्या तर काम अकरापट. सरांनी वर्षभर हेच तर शिकवलं, की माल वाढला की पद्धत किती दमते ते बघा. तू म्हणालास, "दमू दे की. वर्षातनं एकदाच तर चालवायचाय." त्यावर मी काय म्हटलं ते तुला आठवत असणार. मी म्हटलं, तुला क्विकसॉर्टची वेगवान पद्धत जमत नाही म्हणून तू असं बोलतोस. तुझा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं. असली मी आहे.

यादी काढायला आपण दोघं कारखान्यात गेलो, त्या शनिवारी दुपारी तू जेवायला गेलास. माझ्याकडे डबा होता, मी यंत्रापाशीच थांबले. तुझ्या ओळी खोडल्या, माझ्या पंधरा घातल्या. मधली एक नोंद धरायची, आणि तिच्याहून आधीच्या एकीकडे, नंतरच्या दुसरीकडे, अशी दोन्ही टोकांकडून अदलाबदल करत यायचं. नऊ मिनिटांचं काम वीस सेकंदांत झालं. त्या रिकाम्या ऑफिसात मी एकटी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. तू आलास तेव्हा यादी निम्मी छापून झाली होती. एस.टी. गाठायची म्हणून आपण तारखा तेवढ्या चाळल्या आणि निघालो. व्हायव्हाच्या दिवशी सगळ्यांसमोर फोडायचं आणि तुझं तोंड बघायचं, असा माझा बेत होता.

तारखा बरोबरच होत्या. पण कारखान्याची तारीख म्हणजे पंधरवडा, आणि तुमच्याकडे पाणी सुटलं की अख्खं गाव एकाच पंधरवड्यात लागण करतं. तीनशे जणांची तारीख एकच. मग त्या तीनशेत आधी कोण? ज्याने वहीत आधी नोंद केली तो. हे कुठे लिहिलेलं नाही. वहीच त्या क्रमाने भरलेली, म्हणून क्रम आपोआप राहायचा, आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही तो पाठ. तुला पाठ होता म्हणून तर तू ती सावकाश पद्धत धरलीस, बरोबरीच्याला ओलांडू न देणारी. माझ्या पद्धतीत बरोबरीचे कुठल्या कुठे फेकले जातात. दोनशे बारावी नोंद असलेले आबा चौथे झाले आणि पहिल्या नोंदीचा माणूस तळाला गेला.

कँटीनमागे तू विचारलंस तेव्हा मला हे कळलेलं नव्हतं, हे खरं. पण मी घाबरले होते, हेही खरं. चार दिवसांवर टर्मवर्क तपासणी होती. यंत्रावर परस्पर काही बदललं असं सरांना कळलं असतं तर माझी टर्म गेली असती. तेवढ्यासाठी मी तुझ्या डोळ्यांत बघून ‘नाही’ म्हटलं. तू एवढंच म्हणालास, "बरं."

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी माझ्या टर्मवर्कमधली तीच पंधरा ओळींची कर्तबगारी बघितली आणि सहज विचारलं, "दोन नोंदींची तारीख एकच असली तर मूळचा क्रम टिकतो का?" कृष्णात, त्या क्षणाला माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फळ्यावरची यादी, तुमचं गाव, सगळं. आणि मी काय उत्तर दिलं सांगू? मी म्हटलं, "टिकायची गरज नाही सर." त्यांनी मान डोलावली. पंचविसापैकी चोवीस.

सयाजीने मला भंडाऱ्याचं पुन्हा नीट सांगितलं. गावाने तुला देवासमोर उभं केलं आणि तू उचलून म्हणालास, की यंत्रात माझंच काम आहे, दुसऱ्या कुणाचा हात नाही. माझ्या ‘नाही’वर विसंबून तू भंडारा उचललास. एवढा विश्वास कशाला ठेवलास? मी अशी आहे हे तुला माहीत नव्हतं?

मला तू हवा आहेस. मी हे तोंडाने कधी म्हटलेलं नाही, तूच म्हणायचास आणि मी विषय बदलायचे. आता म्हणते. शेवटचा बाक रिकामा बघवत नाही. नोट्स काढताना कार्बनखालच्या कागदावर तुझं नाव लिहिते आणि मग डोळे पुसत बसते, अक्का दारातून बघून जाते. मला माफ करू नकोस पाहिजे तर, पण ये. फॉर्मला चार दिवस आहेत.

नंदिनी


कोल्हापूर
५ फेब्रुवारी १९८७

कृष्णात,

फॉर्मची तारीख गेली. तुझं वर्ष गेलं. ते मी घालवलं.

तू उत्तर देणार नाहीस हे आता मला समजलं. मग मीच येते. रविवारी सकाळच्या कुरुंदवाड गाडीने येते. दोन्ही प्रिंटआउट घेऊन येते, तुझा जुना आणि माझा. बिरोबाच्या देवळात सगळ्यांना बोलवा म्हणून मी आबांना सांगणार आहे. तिकिटं मांडून दाखवीन, म्हणजे कुणालाही समजेल. गावासमोर सांगीन, की तुमच्या पोराने बरोबर केलं होतं, बिघडवलं या शहाणीने. मग लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत. बाबांच्या कानावर जाईल, जाऊ दे. कॉलेजला कळेल, कळू दे.

तुला तोंड दाखवायचं नसेल तर त्या दिवशी रानात जा. पण मी सांगणार म्हणजे सांगणार. तू पुन्हा ताठ मानेनं चावडीवरून चालत गेलास की मग माझं काही मागणं नाही.

नंदिनी


कोल्हापूर
९ फेब्रुवारी १९८७, सोमवार

कृष्णात,

हे पत्र चिंचवडला, तुझ्या मामांच्या पत्त्यावर घालते आहे. पत्ता आबांनी दिला. सोबत माझी आधीची चार पत्रं आहेत, पाकिटंही फोडलेली नाहीत. तू घर सोडल्यावर ती गावाला पोचली. आबांनी ती पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली होती. म्हणजे तू मला उत्तर दिलं नाहीस असं नाही, तुला काही मिळालंच नव्हतं. आणि मी एकवीस दिवस, चाळीस दिवस मोजत तुझ्यावर रुसत बसले होते. ती आधी वाच, मग हे वाच.

काल मी फाट्यावर उतरून चालत गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांची रानं तोडून मोकळी झाली आहेत, सगळ्या पट्ट्यात एकच ऊस उभा. पांढरे तुरे आलेत, पाला वाळून खडखडतो आहे. कुणाचा, हे विचारावं लागलं नाही. तुझे वडील बांधावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठलं पावणं?" मी नाव सांगितलं. ते उठून घराकडे चालायला लागले. मी त्यांच्या मागून गेले. तेवढ्यात दारातून तुझ्या आईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "आत ये की बाळ. उनात हुबी ऱ्हाऊ नगंस."

चहा दिला. मला गोड, आबांना बिनसाखरेचा. मी आबांना सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं होतं तसं. प्रिंटआउट काढून ठेवले आणि म्हटलं, आबा, आजच देवळात लोक गोळा करा. मला वाटलं होतं ते ओरडतील, कदाचित हात उगारतील, आणि मग सगळं सुटेल.

आबांनी उठून दार लोटलं. विचारलं, "हे आनि कुनाला सांगितलंस?" मी म्हटलं, कुणालाच नाही. "मग सांगू बी नगंस."

आणि मग त्यांनी सांगितलं ते हे. तुला माहीत होतं. मी ‘नाही’ म्हटल्यावर तू त्याच संध्याकाळी कारखान्यात जाऊन प्रोग्रॅम छापून काढलास. माझ्या पंधरा ओळी तू ओळखल्यास. भंडारा उचलायच्या आधी ओळखल्यास. देवळात पंचांनी स्वतः तुला वाट करून दिली होती, की दुसऱ्या कुणी हात घातला असला तर नाव सांग, तुला सोडतो. आणि तू भंडारा हातात घेऊन म्हणालास, दुसऱ्या कुणाचा हात नाही. घरी येऊन आबांसमोर तो कागद ठेवलास. "ह्या वळी माज्या न्हाईत, आबा. पर पोरगी शेवटच्या वर्षाला हाय, तिचं वाया जाईल," असं म्हणालास.

मी तुला लिहिलं होतं, माझ्यावर एवढा विश्वास कशाला ठेवलास. विश्वास नव्हताच तुझा. मी खोटं बोलते आहे हे समजून तू मला झाकलंस. कृष्णात, माझ्यात झाकण्यासारखं काय होतं? पंचविसापैकी चोवीस?

आबा म्हणाले, "गावानं चोर म्हनलं, त्याचं मला काय वाटलं न्हाय. माजा ऊस शेवटाला तोडा म्हनून मीच सांगून आलो, बोलनाऱ्याची तोंडं बंद. पर ह्यो पोरगा बिरोबाम्होरं खोटं बोलला. मी त्याला म्हनलं, तुज्या हातनं पानी प्यायचो न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

आता माझी गोष्ट अशी झाली. मी गावासमोर खरं बोलले तर तू देवासमोर खोटं बोललास हे सिद्ध होतं. चोरी गाव विसरेल, चार हंगाम गेले की विसरेल. खोटा भंडारा तुझ्या नातवंडांपर्यंत विसरणार नाही. आईंना कुणी हळदीकुंकवाला बोलवणार नाही. म्हणून मला गप्प बसायचं आहे, जन्मभर. जे सांगायला मी दोन महिने धीर गोळा करत होते, ते सांगायचंच नाही. मी प्रिंटआउट चुलीत घातले. आईंनी पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्यो तसलाच हाय. ल्हानपनी भावानं फोडलेली घागर बी ह्योच आपल्या अंगावर घ्यायचा. मी सांगतो तुला, त्याचं मन लोन्याचं हाय."

निघताना आबांनी विचारलं, "लिवून घेतीस काय?" तीन महिने त्यांना तुला पत्र घालायचं होतं. त्यांना लिहिता येत नाही, आणि गावात कुणाकडून लिहून घ्यावं तर भंडाऱ्याची गोष्ट फुटते. लिहिता येणारं आणि सगळं ठाऊक असलेलं माणूस अख्ख्या जगात मी एकटी. मी उंबऱ्यापाशी बसले, वहीचा कागद काढला.

त्याआधी माझं दोन ओळींत. कॉलेज पुढच्या वर्षी तुला परत घेईल, मी ऑफिसात विचारून ठेवलं आहे. जूनमध्ये परीक्षा संपली की मी कोल्हापुरातून जाईन, जिथे नोकरी मिळेल तिथे. तेव्हा वर्गात कोण भेटेल याची काळजी करू नकोस. ग्राफच्या नोट्स अक्काकडे ठेवते, तिच्याकडून ने. ती थालीपीठ करेल, खा.

आबांनी सांगितलं ते असं.

‘कृष्णात, तुजा आबा सांगतो. तू गेल्यावर मी बिरोबाला गेलतो. वल्या अंगानं हुबा ऱ्हायलो आनि सांगितलं, पोरानं उचललेला भंडारा माज्या नावावर धर, काय वंगाळ करायचं ते माजं कर. तवापासनं उसाचं कायबी मी तोंडात घालत न्हाय, गूळ न्हाय, साखर न्हाय. देवाचं आनि माजं मिटलं. आता तुजं-माजं बी काय ऱ्हायलं न्हाय. तुज्या हातचं पानी पितो. आय वाट बघतीया. घरला ये. गावात कुनी काय इचारलं तर मी हाय.

पर ह्या पोरीला संगं आनू नगंस. पोरगी वाईट न्हाय. माज्या म्होरं बसून लिवतीया, रडाय लागलीया. पर तिच्यासाठनं तू देवाम्होरं खोटं बोललास. तिच्यासंगं संसार केलास तर तिच्यासाठनं माज्याम्होरं बी बोलशील, रोज बोलशील. त्ये मला सोसायचं न्हाय.’

एवढं सांगून त्यांनी विचारलं, "लिवलंस?" मी म्हटलं, लिहिलं. "समदं?" मी ‘हो’ म्हणून मान हलवली. शेवटच्या चार ओळी सोडून बाकीचं पाठवलं असतं तर तुला कधी कळलं नसतं, त्यांनाही नसतं. परतीच्या गाडीत बसल्यापासून मी दुसरा कसलाही विचार केलेला नाही.

त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. तू घरी जा.

नंदिनी